पुढच्या आठवड्यातला कठडा

शेफिकच्या घराच्या फाटकावर दोन सिंह बसले होते. सिमेंटचे, पांढरेफटक, कुरळ्या आयाळीचे, आणि दोघांच्या तोंडावर कुणीतरी शेपटीवर पाय दिल्यासारखे भाव. फाटकापासून दारापर्यंत आणि आत जिन्याच्या पायथ्यापर्यंत संगमरवरी फरशी होती. दाराला पितळी मूठ होती. आत पाऊल टाकलं की समोर जिना लागायचा, उघड्या काँक्रीटचा, थेट वरच्या मजल्यापर्यंत. त्याच्या एका बाजूला भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा. कठडा नव्हता.

घर पाहावं बांधून म्हणतात, आणि शेफिकने ते वीस-बावीस वर्षं बांधून पाहिलं होतं. ऑस्ट्रियात लिंत्सला गवंडीकाम करायचं, उन्हाळ्याच्या सुटीत बोस्नियात गावी यायचं, थोडं बांधायचं आणि परत जायचं; आता तो कायमचा गावी परतला होता. उसोरा नदीच्या काठी अशी घरं पावलोपावली होती. खाली म्हातारा-म्हातारी, मधला मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा, मग तो धाकटा स्वीडनला जाऊन तिथलाच होऊन गेलेला का असेना. बाहेरच्या विटा उघड्या, वरच्या खिडक्यांना प्लास्टिक, पण फाटकावर सिंह हवेतच. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. रस्त्यावरून लोकांना जे दिसतं ते आधी, आणि ज्याच्यावाचून घरातलं माणूस मरू शकतं ते सवडीने.

बेल्किसा या घरात सून म्हणून आली तेव्हा ती भिंतीला हात लावून जिना चढायला शिकली. पोटुशी असताना एकेक पायरी मोजून उतरली. तेव्हा ती काही बोलली नाही, कारण नव्या सुनेने बोलायचं नसतं. पण आता लेक इल्मा चालायला लागली होती. चालायला म्हणजे काय, सुटायलाच. हात सोडला की ती जिन्याकडे धावायची, जणू तिथे कुणी तिची वाटच पाहत उभं होतं. बेल्किसाचं बिऱ्हाड मधल्या मजल्यावर, आणि स्वयंपाक, चूल, सासूसासरे खाली. दिवसभर वरखाली. नवरा, नेर्मिन, स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्यानाहून ट्रक चालवायचा आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा घरी यायचा, कपड्यांची बॅग आणि झोप घेऊन.

बेल्किसाने आपल्या परीने घराला लगाम घातला होता. टेबलाच्या कोपऱ्यांना रबरी टोप्या, भिंतीतल्या प्लगच्या भोकांना झाकणं, साबणाच्या कपाटाला कडी. बाल्कनीलाही कठडा नव्हताच, म्हणून तिच्या दाराला तिने कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात बांधली. हे सगळं पाहून सासूबाईंना, मेव्लिदाला, हसू आवरायचं नाही. शेजारणी आल्या की ती त्यांना टेबलाच्या टोप्या दाखवायची, हे बघा, आमच्या टेबलाला थंडी वाजते. तिन्ही मुलं याच हातांनी वाढवली, एकाच्याही टेबलाला टोपी नव्हती, असंही वर सांगायची.

बरं, म्हातारी निष्काळजी होती म्हणावं तर तसंही नाही. इल्माच्या बाबतीत ती डोळ्यांत तेल घालून असायची, फक्त भलत्याच दिशेला. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडलेल्या तिला चालायच्या नाहीत, वाऱ्याचा झोत पोरीच्या मानेला लागेल. अनवाणी पाय फरशीला टेकले की घरात हलकल्लोळ. केस ओले असताना अंगणात न्यायचं नाही. मनगटाला लाल दोरा. कुणी पोरीला गोड म्हटलं आणि पाठोपाठ माशाल्ला म्हटलं नाही, तर म्हातारी त्या बाईकडे अशी बघायची की बाई निघून जायची. वाऱ्यापासून, फरशीपासून, नजरेपासून, सगळ्यांपासून ते लेकरू जपलं जात होतं, आणि मोजे घातलेल्या त्याच पायांनी ते त्या उघड्या जिन्याच्या कडेला जाऊन उभं राहत होतं. बेल्किसाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कठडा येणार होता. म्हणजे तो गेली कित्येक वर्षं येणारच होता. शेफिकने लिंत्समधल्या एका श्रीमंताच्या बंगल्यात तो पाहिला होता: काळं लोखंड, प्रत्येक गजावर लिलीचं फूल, वर पितळेची धारी. तसाच हवा. शहरातल्या एका लोहाराला त्याने नक्षी काढून दिली होती, आणि लोहार म्हणाला होता, पुढच्या आठवड्यात. बेल्किसा म्हणाली, तोवर फळ्या तरी ठोका, शेडमध्ये सेंट्रिंगच्या फळ्यांचा ढीग पडलाय. शेफिकला ते अंगावर पाल पडल्यासारखं वाटलं. संगमरवरी फरशीच्या घरात सेंट्रिंगच्या फळ्या? शेजारचा इब्रो काय म्हणेल? म्हणेल, शेफिकचा पैसा फरशीवरच संपला, जिन्यापर्यंत पोचला नाही.

एकदा जेवताना शेफिक रंगात आला होता. लिंत्सच्या गोष्टी सांगायला लागला की त्याचा चेहरा तरुण व्हायचा. तिथे म्हणे हेल्मेट आणि पट्टा घातल्याशिवाय शिडीवर पाय ठेवू देत नाहीत. एकदा तिसऱ्या मजल्यावर कठड्याचा एक आडवा बांबू निसटलेला साहेबाला दिसला, तर अख्खी साइट बंद. दोनशे माणसं खाली बसून सिगारेटी ओढत राहिली, एका बांबूपायी.

"तिथे माणसाच्या जिवाला किंमत आहे, पोरी," तो कौतुकाने म्हणाला.

"आणि इथे, बाबा?"

"इथे काय? इथे घर आपलं आहे."

तो हे अगदी मनापासून म्हणाला. बेल्किसाने ताटाकडे पाहिलं आणि पोरीला आणखी एक घास भरवला. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

शेवटी तिने स्वतःच त्या लोहाराचा नंबर शोधून फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. तो तर गेल्या शरद ऋतूपासून जर्मनीत आहे, श्टुटगार्टला, तिने सांगितलं, आणि जरा अभिमानानेच सांगितलं, तिथे चांगलं काम मिळालंय. कसलं काम, बेल्किसाने विचारलं. कठडे बसवायचं, ती म्हणाली. बेल्किसाने फोन ठेवला. बोस्नियातले बाप कठड्याची वाट बघतायत, आणि बोस्नियातला लोहार जर्मनीतली मुलं पडू नयेत म्हणून राबतोय. तिने हे शेफिकला सांगितलं तेव्हा तो जराही हलला नाही. म्हणाला, म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीत येईलच की, तेव्हा बसवू.

आणि मग तो रविवार आला. सकाळी बेल्किसा अंगणात कपडे वाळत घालत होती. त्याआधी तिने रोजच्यासारखा इस्त्रीचा फळा आडवा करून जिन्याच्या तोंडाशी दोरीने बांधला होता, आणि सासूबाईंना सांगितलं होतं, आई, पोरीकडे लक्ष असू द्या. पण इब्रोची बायको कॉफीला यायची होती. मेव्लिदाला तो बांधलेला फळा पाहवेना. घर आहे की कोंबड्यांचं खुराडं, असं म्हणत तिने दोरी सोडली, फळा दाराआड उभा केला आणि कॉफीच्या भांड्याकडे वळली. कॉफी उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ. इल्मा हातापायांवर जिना चढली, बऱ्याच पायऱ्या चढली, आणि वर बसून आजीला टाळ्या वाजवून दाखवाव्यात म्हणून वळली.

बेल्किसाला आधी आवाज आला. मग शांतता आली, आणि त्या शांततेत ती हातातली ओली चादर टाकून धावली.

जिन्याखाली थर्माकोलचे गठ्ठे होते. बाहेरच्या भिंतींना लावायला म्हणून आणलेले, कधीच न लावलेले, धुळीने राखाडी झालेले. इल्मा त्यांच्यावर पालथी पडली होती. बेल्किसाने उचलल्यावर तिने श्वास घेतला, आणि मग अशी रडली की ते रडणं ऐकून बेल्किसाला उभ्याउभ्या रडू आलं. कपाळावर टेंगूळ आणि ओठाला जरासं खरचटलेलं. वीतभर अलीकडे पडली असती तर खाली फरशी होती, तीच ती, लोकांना दाखवायची संगमरवरी.

निदान आता तरी कुणी मान खाली घालेल असं वाटलं होतं. कुठलं काय! मेव्लिदा छाती पिटत म्हणाली, देवाने राखलं, आणि अजून घरी पोचलीही नव्हती त्या इब्रोच्या बायकोच्या नजरेला बोल लावून मोकळी झाली. शेफिक शेडमधून आला, नातीच्या टेंगळाचा मुका घेतला, गठ्ठ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला,

"बघ. तू मागे लागली होतीस ना, हे गठ्ठे हलवा म्हणून? हलवले असते तर?"

असं म्हणताना त्याचा ऊर भरून आला होता, ढोंग नव्हतं ते. त्याला खरोखर वाटत होतं की त्यानेच नातीला वाचवलं. बेल्किसाला संताप आवरेना. ती म्हणाली, बाबा, कठडा असता तर गठ्ठे लागलेच नसते. पण ती हे म्हणेपर्यंत तो इब्रोला गठ्ठ्यांची गोष्ट सांगायला फाटकाबाहेर पडला होता.

डॉक्टरांनी पोरीला नीट तपासलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. पण त्या दिवसापासून इल्मा झोपेत दचकायला लागली, जिना दिसला की आईच्या मानेत तोंड खुपसायला लागली. बेल्किसाला त्यात काही नवल वाटलं नाही. एवढ्याशा पोरीला कळलं जिना धोक्याचा आहे, ही घरातली सगळ्यात शहाणी, असंच तिला वाटलं. मेव्लिदाचं निदान मात्र वेगळं होतं. पोरीने धसका घेतलाय. धसका उतरवायला हवा. त्या गावात धसका उतरवायची एकच रीत होती: पोराला लाल कापडाखाली बसवायचं, शिसं वितळवायचं, आणि दुवा म्हणत ते डोक्यावर धरलेल्या पाण्याच्या भांड्यात ओतायचं. पाण्यात शिशाचा जो आकार होईल त्यात भीतीचं तोंड दिसतं. हे काम रुकियाआजी करायची. तिला निरोप गेलासुद्धा.

बेल्किसाने रागारागाने नेर्मिनला फोन लावला. तो कुठल्यातरी सरहद्दीवर ट्रकांच्या रांगेत उभा होता. तिने सांगितलं, तुझ्या घरात पोरीसाठी एक फळी ठोकवत नाही, पण तिच्या डोक्यावर उकळतं शिसं ओतायला सगळे एका पायावर तयार आहेत. नेर्मिन थकलेला होता. म्हणाला, आईचं समाधान होऊ दे, माझ्यावरही लहानपणी ओतलं होतं. कठड्याचं मी आल्यावर बघतो, बाबांना दुखवू नकोस.

"बाबा दुखावतील," बेल्किसा म्हणाली, "आणि पोर पडेल. दोन्हींतलं कुठलं आधी भरून येतं, तूच सांग."

 पलीकडून ट्रकांचे भोंगे ऐकू येत राहिले.

रुकियाआजी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. हाडकुळी, गुडघे गेलेली, हातात पिशवी आणि पिशवीत काळी पडलेली लोखंडी पळी. पोर झोपते तिथेच शिसं ओतायचं असतं, म्हणून सगळे मधल्या मजल्यावर निघाले. शेफिक इल्माला कडेवर घेऊन पुढे, मेव्लिदा मागे. आजीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, डावीकडे हात टाकला, आणि हाताला काहीच लागलं नाही. ती थबकली. मग भिंतीला दोन्ही तळवे लावून, तोंड भिंतीकडे करून, खेकड्यासारखी आडवी आडवी चढायला लागली. मध्यावर ती थांबली आणि खाली बघून तिने डोळे मिटले. बेल्किसाने मागून तिची कंबर धरली. 

वर खोलीत बेल्किसा इल्माला शेफिकच्या कडेवरून घेऊन, कवटाळून दाराशी उभी राहिली. ठरवूनच आली होती ती, शिशाखाली पोर देणार नाही, मग सासू जन्मभर बोलो. पण आजीनेच मेव्लिदाचा लाल रुमाल बाजूला केला. म्हणाली, पोरीला आईपाशीच राहू दे, लांब. माझा हात आता स्थिर नाही. तिचा सदरा द्या, सदऱ्यावर चालतं. मेव्लिदाचं तोंड पडलं, पण रुकियाआजीपुढे बोलायची तिची प्राज्ञा नव्हती.

छोट्या शेगडीवर शिसं वितळलं. आजी पुटपुटत राहिली, पळी कलली, पाणी फिस्सकन ओरडलं, वाफ निघाली. असं तीनदा. मग आजीने भांड्यात हात घालून शिशाचा तुकडा बाहेर काढला आणि तळहातावर ठेवला. एका बाजूने सरळ, दुसऱ्या बाजूने दातेरी, फाटक्या पानासारखा. मेव्लिदा श्वास रोखून पुढे वाकली. इब्रोच्या बायकोचं तोंड दिसतंय का, असं तिला विचारायचं असणार.

"माणूस नाही," आजी म्हणाली. "पायऱ्या आहेत."

तिने तो तुकडा शेफिकसमोर धरला.

"ही बाजू बघ, शेफिक. सरळ आहे, ही भिंत. आणि या बाजूला काहीच नाही, रितं. पोरीच्या अंगात धसका नाहीये. धसका तुझ्या घरात आहे. मी कितीही शिसं ओतलं तरी उतरायचा नाही, या बाजूला हाताला काहीतरी लागेपर्यंत."

"आजी, कठडा सांगितलाय मी. लिलीच्या फुलांचा. लोहार सुटीत—"

"शिशाला फुलं कळत नाहीत," आजी म्हणाली. "आजच्या संध्याकाळच्या अजानच्या आत हाताला लाकूड लागलं पाहिजे. नाहीतर धसका एकाचा दुसऱ्याला लागतो."

शेफिकचा रंग उतरला. लिंत्समध्ये बावीस वर्षं काढलेला, डोक्यावर हेल्मेट घालून फिरलेला माणूस, त्या तळहाताएवढ्या शिशाकडे बघून घाबरला. तो दडादडा खाली गेला. थोड्याच वेळात शेडमधून फळ्या ओढल्याचा आवाज आला, मग ड्रिलचा, मग शेफिकने कुंपणावरून इब्रोला हाक मारल्याचा. ज्या इब्रोच्या हसण्यापायी इतकी वर्षं फळी लागली नव्हती, तोच इब्रो तोंडात स्क्रू धरून फळी धरायला आला, आणि हसलाबिसला काही नाही. उलट म्हणाला, आमच्याही जिन्याला अजून नाहीये.

बेल्किसा फळ्यांच्या पसाऱ्यातून आजीला हात धरून खाली घेऊन आली आणि पळीची पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेली. तिला आनंद व्हायला हवा होता. काम झालं होतं. पण छातीत राग उसळत होता. महिनोन् महिने ती बोलत होती. साध्या, सरळ, माणसांच्या भाषेत. रडून, हसून, हात जोडून बोलली. पोर पडली तेव्हाही ते ऐकलं गेलं नाही. आणि एका शिशाच्या तुकड्याने एकदा सांगितलं, तर घर कामाला लागलं. कान सोनारानेच टोचावे म्हणतात, ठीक आहे. पण आईच्या बोलण्याला शिशाएवढीही किंमत नसावी?

"आजी," तिने सिंहाजवळ थांबून विचारलं, "खरंच दिसलं का तुम्हाला शिशात?"

रुकियाआजीने तिच्याकडे पाहिलं. मग घराकडे, आतून येणाऱ्या ठोकाठोकीकडे.

"मला जिन्यावरच दिसलं, बाळ. चढताना. मुतायची तेवढी राहिले होते मी भीतीने." तिने पिशवी स्वतःच्या हातात घेतली. "पण डोळ्यांनी पाहिलेलं बाईने सांगितलं तर कोण ऐकतं इथे? माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षं नाही ऐकलं. म्हणून तर शिसं शिकले."

ती निघून गेली, सावकाश, रस्त्याच्या कडेकडेने. बेल्किसा तिच्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने शेफिकच्या नजरेतून सुटलेले, फळीबाहेर टोक आलेले दोन खिळे हातोडीने वाकवून आडवे केले, कारण पोरीच्या हाताला लागले असते. शेफिकने ते पाहिलं आणि पुढची फळी उचलली.

संध्याकाळची अजान झाली तेव्हा जिन्याला कठडा होता. वेडावाकडा, सिमेंटचे जुने डाग असलेला, पण वरपासून खालपर्यंत, आणि जिन्याच्या तोंडाशी कडीचं छोटं दार. पुढच्या दिवसांत मेव्लिदा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला तो शिशाचा तुकडा दाखवायची आणि सांगायची, शिसं खोटं बोलत नाही. शेफिक तर कठड्यावर थाप मारून म्हणायचा, लहान मूल असलेल्या घरात कठडा हा हवाच, मी लिंत्समध्ये शिकलोय. बेल्किसा कॉफीचे कप पुढे करायची आणि दात आवळून ऐकायची. पोरगी मात्र आता त्या फळ्यांना धरून एकेक पायरी चढायची आणि रात्रभर गाढ झोपायची, कूस न बदलता.

बाल्कनी तशीच होती. उन्हाळा जवळ येत होता, दार किती दिवस बंद ठेवणार? बेल्किसाने तेही एकदा सरळ सांगून पाहिलं. शेफिक म्हणाला, तिथे मात्र फळ्या नकोत, ते रस्त्यावरून दिसतं. तिथे लिलीच हवी. लोहार सुटीत येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कॉफीला बसले असताना बेल्किसाने इल्माच्या ओठाचा चिकट मध पुसला आणि नजर वर न उचलता, अगदी सहज म्हणाली,

"आई, काल ही पुन्हा झोपेत दचकली. बाल्कनीच्या दाराकडे हात करत होती. रुकियाआजींना निरोप धाडू का?"

मेव्लिदाचा हात छातीशी गेला. बेल्किसाला या घरात पहिल्यांदाच खोटं बोलावं लागलं होतं, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. राग आला. 

शेफिकने सुनेकडे पाहिलं. मग नातीकडे.  मग कॉफी अर्धीच ठेवून तो उठला, चपला पायात सरकवल्या आणि शेडकडे जाता जाता दारातून विचारलं,

"बाल्कनीला फळ्या किती लागतील गं?"